दाराशी बसणारा माणूस

काळेवाडी,
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

तीर्थरूप सोनबादादास,
धाकट्या कस्तुराचा सा. सलाम, वि. वि.

तुझं नाताळचं पत्र मिळालं. सूनबाईच्या मोबाइलवर बोलत जा म्हणतोस, पण तुला ऐकू येत नाही आणि सूनबाई स्पीकर लावून सगळ्या राहुरीला माझा आवाज ऐकवते. टपाल आठ दिवस लावतं खरं, पण पोटात ठेवतं. म्हणून पत्रच बरं.

प्रितमचं ठीक चाललंय. नव्या कंपनीत तो स्टोअरला बसतो, एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी. चाकणच्या त्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताची चार बोटं पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली त्याला येत्या मार्चमध्ये तीन वर्षं होतील. आता डाव्या हातानं सही करतो, डब्याचं झाकण गुडघ्यात धरून उघडतो, आणि मी मदतीला गेले की माझ्यावरच डाफरतो. त्या दिवशी प्रेसचं पायडल ज्यानं दाबलं त्याचं नाव ना कंपनीनं मला सांगितलं, ना या पोरानं. पोटचा मुलगा, पण तोंडाला कुलूप. मी रोज सकाळी त्या बिननावाच्या माणसाला काय काय म्हणते ते तुझ्यासारख्या निवृत्त पाळकाला लिहायला नको.

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडची गुरुवारची चारची प्रार्थना तुला ठाऊक आहेच. सात-आठ माणसं, दोन गीतं, थोडं वाचन आणि चहा. वीस वर्षं हेच करत आले, प्रत्येकाचं घोडं नेमकं कुठं पेंड खातं ते शोधायचं आणि तिथं हात घालायचा. तळमजल्यावरची वर्षाली सासूच्या धाकानं वर यायची नाही, तर मी सासूलाच आधी चहाला बोलावलं. चिमाजींना वाटायचं, जन्मभर दारू प्यायलेल्या तोंडानं देवाचं नाव कसं घ्यायचं. त्यांना मी वर्षभर नुसतं सतरंज्या घालायचं काम दिलं, आता सगळ्यांत मोठ्यानं तेच गातात. असा माझा हात बसलेला आहे म्हणून सांगते, नोव्हेंबरपासून जो माणूस येऊन दाराशी बसतोय त्याचं लक्षण मला बरं दिसत नाही.

चाळिशीचा असेल. वाळका, उंच, कायम तोच चौकटीचा शर्ट. पहिल्या दिवशी बसू का एवढंच विचारलं आणि उंबऱ्याला लागून चपलांशेजारी बसला. नाव विचारलं तर मान खाली. गात नाही, पुस्तक घेत नाही. पाणी दिलं तर हात जोडून नको म्हणतो, चहाचं तर नावच नको. दादा, आपल्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे ते दिवस गेले असं आपण म्हणतो, पण याला माझ्या घरचा पेला चालत नाही हे उघड आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आम्ही सगळे प्रार्थनेला डोळे मिटतो तेव्हा हा टक्क उघडे ठेवून बसतो. भिंतीवर बघतो, माणसांवर बघतो, प्रितमच्या फोटोवर बघतो.

मागच्याच वर्षी पलीकडच्या भागात असाच एक जण महिनाभर प्रार्थनेत बसला, मोबाइलवर चित्रण केलं आणि मग तक्रार दिली की इथं धर्म बदलवतात. बिचाऱ्या माणसांना किती दिवस चौकीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. माझ्या मनात तेव्हापासून पाल चुकचुकतेय. काय करू ते लिही.

गुडघ्याला तेल लाव. माझ्यावर लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी
कस्तुरा


राहुरी,
शनिवार, १८ जानेवारी २०२५

चि. कस्तुरास,
दादाचे अनेक आशीर्वाद आणि तितकेच सलाम.

पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावतो, गुडघा दाद देत नाही. कान तर आता कामातूनच गेले. परवा मंडळीत नवीन पाळकसाहेबांनी उपदेश केला तो मला फार आवडला, कारण एक शब्द ऐकू आला नाही.

तुझ्या माणसाविषयी वाचलं. मला एवढंच कळेना की सगळे डोळे मिटून बसले असताना त्याचे उघडे होते हे पाहिलं कोणी? लहानपणीही तू माझ्या प्रार्थनेत डोळे किलकिले करून भाकऱ्या मोजायचीस. आई मला मारायची, तुला नाही.

चेष्टा सोडतो. माणूस येतो आणि काही बोलत नाही, म्हणजे बोलण्यासारखं काहीतरी त्याच्याजवळ आहे. तू कितीजणांसाठी थांबलीस, आणखी एकासाठी थांब. पेला नको म्हणाला तर पेल्यावरून त्याची जात काढू नकोस. माणसं पाणी कितीतरी कारणांनी नाकारतात.

प्रितमला आशीर्वाद. त्याचं डाव्या हाताचं अक्षर पाहायचं आहे, चार ओळी लिही म्हणावं. आमची आठवण ठेवत जा आणि आठवण ठेवल्याचं कळवत जा.
तुझा
दादा


काळेवाडी,
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप दादास,
कस्तुराचा सा. सलाम, वि. वि.

हो, ठेवते एक डोळा उघडा! घर माझं आहे, राखण कोण करणार? तुझं पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि मग रागच आला. तू तिकडे खाटेवर बसून थांब म्हणतोस, इथं जिना चढून तो माणूस येतोय.

ऐक आता. मी डोळ्यांत तेल घालून बघितलं तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. हा दर गुरुवारी येत नाही. एक आड एक येतो. आणि तो येतो ते सगळे गुरुवार प्रितमच्या दुसऱ्या शिफ्टचे! मी खाली नवनाथच्या किराणा दुकानात विचारलं, तर नवनाथ सहज म्हणाला की हो, तो उंच माणूस आधी माझ्याकडेच येतो आणि प्रितमभाऊ कामावर गेलेत ना एवढं विचारून मग वर चढतो. दादा, माझ्या हातातली साखरेची पुडी पडायची राहिली. घरात बाप्या माणूस नाही याची खात्री करून घेणारा माणूस कशासाठी येत असेल?

म्हणून काल मी त्याची परीक्षा घेतली. नवनाथला सांगून ठेवलं की आज प्रितम घरीच आहे असं सांग. मी आणि वर्षाली खिडकीच्या पडद्याआड उभ्या. पावणेचारला आला, नवनाथशी बोलला, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरून मागे फिरला. गेला असता तर मी म्हटलं असतं भित्रा आहे. पण गेला नाही. समोरच्या पंक्चरवाल्याच्या शेडला टेकून उन्हात तासभर उभा राहिला, आमच्या खिडकीकडे तोंड करून. वर आम्ही गात होतो, पण माझं कसलं लक्ष! शेवटचं गीत संपलं तसे त्यानं हात जोडले आणि निघाला. मी वर्षालीला मागोमाग पाठवलं. ती सांगते, आळंदीच्या बसमध्ये चढला. आता मला सांग, आळंदीत राहणाऱ्या माणसाला देवाच्या नावासाठी काळेवाडीत यावं लागतं का? कुठेतरी पाणी मुरतंय हे शेंबडं पोरही सांगेल.

वर्षालीचा भाऊ रणजीत आणि त्याचे दोन मित्र म्हणाले आहेत की पुढच्या वेळी आला की आम्ही जिन्यातच धरतो, काय ते वदवून घेतो, मग चौकीत नेतो. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. तो यायचा गुरुवार वीस तारखेचा आहे.

प्रितमला यातलं काही सांगितलेलं नाही. तो आधीच कमी बोलतो. तुझ्या पत्रावर माझा भरवसा आहे, तो वाया घालवू नकोस.
तुझी
कस्तुरा


राहुरी,
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

चि. कस्तुरास,
आशीर्वाद आणि सलाम.

घाईत लिहितो, नातू हे स्पीड पोस्टानं टाकायला निघालाय. पत्र वीसच्या आत मिळायला हवं. त्या पोरांना घरी बसव. जिन्यात कोणी कोणाला धरायचं नाही आणि चौकीचं नाव काढायचं नाही. तुला माझी शपथ घालतो, मी आयुष्यात कोणाला शपथ घातलेली नाही हे तुला माहीत आहे.

ज्ञानदेव तुझ्या घरी चोरी करायला येत नाही आणि चित्रण करायलाही येत नाही. त्याला डोळे मिटता येत नाहीत, याचं कारण तो कधीतरी स्वतः सांगेल. त्याला नुसतं बसू दे. बाप्तिस्म्याबिप्तिस्म्याचं तर नावही काढू नकोस. तू चांगली बाई आहेस, पण तुझा हात जड आहे, कधी कधी दार उघडायला जाऊन माणसाच्या अंगावर ढकलतेस.

बाकी मागाहून. रागावू नकोस, रागावलीस तर जेवून रागाव.
दादा


काळेवाडी,
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

सोनबादादास,
सलाम.

क्षेमकुशल मागाहून बघू.

तुझं पत्र मंगळवारी आलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना माझा घास हातातच राहिला. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, दादा. तीन महिन्यांत त्यानं सांगितलेलं नाही. मी तुला दोन पत्रं लिहिली, त्यात कुठेही नाव नाही, कारण माझ्याजवळ नव्हतंच. मग तू ज्ञानदेव कुठून आणलास?

मी स्वतःची समजूत घातली की म्हातारा माणूस, कानानं अधू, मंडळीतल्या कोणाचं तरी नाव लेखणीतून उतरलं असेल. काल तो आला. पोरांना मी घरी बसवलं होतं, तुझी शपथ पाळली. तो बसायच्या आधीच मी दारात आडवी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर नाव विचारलं. मग म्हणाला, ज्ञानदेव.

मग मी विचारलं की राहुरीचे सोनबा पाळक तुम्हाला कोण. तो एकदम पांढरा पडला. पाळकबाबांनी सांगितलं का सगळं, असं मलाच विचारायला लागला. मी म्हटलं, सगळं म्हणजे काय? तर हात जोडून रडायलाच लागला. मला त्याची दया आली नाही. मी त्याला म्हटलं की या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही, आणि दार लावलं. आत चिमाजींनी गीत सुरू केलं होतं, ते मध्येच थांबले. वीस वर्षांत माझ्या दारातून परत गेलेला हा पहिला माणूस.

आता तू सांग. माझ्या पाठीमागे माझ्याच घरात माणूस कोणी बसवला? माझा सख्खा भाऊ मला ताकास तूर लागू देत नाही, मग मी बाहेरच्या कोणावर का विश्वास ठेवावा? प्रितमचा यात हात आहे का? मी त्याच्याकडेही आता वेगळ्या नजरेनं बघायला लागलेय, हे पाप तुझ्या माथी.

खरं लिहिणार असशील तरच लिही.
कस्तुरा


राहुरी,
शनिवार, १ मार्च २०२५

चि. कस्तुरास,
आशीर्वाद देतो, घ्यायचे की नाही ते तू ठरव.

खरं लिहितो. हे पत्र एकटी असताना वाच.

ज्ञानदेव हाच तो माणूस. प्रितमच्या प्रेसचं पायडल त्याच्या पायाखाली होतं.

तीन वर्षांपूर्वी इस्पितळात तू आत प्रितमजवळ होतीस तेव्हा मी बाहेर बाकावर बसायचो. लिफ्टपाशी एक माणूस कंपनीचा युनिफॉर्म घालून दोन दिवस उभा होता. जेवायला जात नव्हता, घरी जात नव्हता. मला वाटलं याचंही कोणी आत असेल, म्हणून चहा नेऊन दिला. त्यानं चहा घेतला नाही आणि आपण कोण ते सांगितलं. मी त्याला पोटाशी धरलं असं तुला वाटत असेल तर नाही, माझा हात उठला होता. चाळीस वर्षं क्षमेवर उपदेश केलेल्या माणसाचा हात. त्यानं गाल पुढेही केला नाही आणि मागेही घेतला नाही. तेव्हा माझा हात खाली आला.

त्यानं सांगितलं ते असं. रात्रपाळी संपल्यावर त्याला पहिल्या शिफ्टलाही थांबवून घेतलं होतं. सकाळी अकराच्या सुमारास उभ्या उभ्या त्याचे डोळे मिटले. किती वेळ, तर एक श्वास. तेवढ्यात पाय खाली गेला, आणि प्रितमचा हात आत होता. त्या दिवसापासून चार माणसांत त्याला डोळे मिटता येत नाहीत. मिटले की छाती धडधडते, तो उठून उभा राहतो. ती नोकरी त्यानं दुसऱ्याच दिवशी सोडली. आता आळंदीत वारकरी विद्यार्थ्यांच्या एका खानावळीत कणीक मळतो. तुझ्या घरचं पाणी तो का घेत नाही हे आता तुला कळलं असेल. ज्या घरातल्या मुलाचा हात आपल्यामुळे गेला त्या घरचा पेला त्याला उचलवत नाही. तू मात्र आजीच्या ओंजळीपर्यंत गेलीस.

तो मला पत्रं लिहायचा. गेल्या दिवाळीत भेटायला आला. म्हणाला, तुमच्या येशूच्या नावानं माफी मिळते असं ऐकतो, ती मला कोणाकडून मिळायची? मला उत्तर तोंडपाठ होतं, मी म्हटलं देवाकडून. त्यावर तो म्हणाला की पाळकबाबा, देवाची बोटं गेली नाहीत. मी त्याला म्हटलं, त्या मुलाची आई दर गुरुवारी प्रार्थना घेते, तिच्याकडे जा, आणि धीर होईल तेव्हा तिला सांग. मला वाटलं दोन गुरुवारांत सांगेल. मी तुला आधी कळवलं असतं तर तू दार उघडलं नसतंस. नंतर का नाही कळवलं, तर भ्यालो.

प्रितमला तो येतो हे माहीत नव्हतं, त्याच्यावर संशय धरू नकोस. माझ्यावर धर, मी पात्र आहे.

आणखी एक लिहायचं होतं, ते लिहीत नाही. तुझं तुला माहीत आहे. या म्हाताऱ्याला टाकू नकोस एवढं मागतो.
दादा


काळेवाडी,
रविवार, १६ मार्च २०२५

ती. मामास,
प्रितमचा सलाम.

डाव्या हाताचं अक्षर आहे, सांभाळून घ्या. शाळेतही माझं काही ग्रेट नव्हतं.

आईनं तुमचं पत्र वाचलं आणि मला वाचायला दिलं. तिसऱ्या दिवशी पोळी वाढता वाढता विचारलं की तुला नाव माहीत होतं ना. मी हो म्हटलं. का सांगितलं नाहीस म्हणाली. मामा, तेव्हा ती रोज कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहायची, वॉचमनपासून सगळ्यांना शिव्याशाप द्यायची. नाव सांगितलं असतं तर ती त्याच्या घरी गेली असती. त्याच्या घरी तेव्हा म्हातारी आई होती. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर काढून ठेवला होता, तो त्यानं काढला नव्हता, मीही नव्हता काढला. माल लवकर निघावा म्हणून वरून सांगितलं होतं. आम्ही दोघंही रोज बघत होतो आणि दोघंही गप्प होतो.

मी त्याला माफ केलंय का ते मलाच माहीत नाही. माझ्या स्वप्नात प्रेस येते, ज्ञानदेव येत नाही. तो चांगला ऑपरेटर होता राव, मला काम त्यानंच शिकवलं. खिडकीखाली तो तासभर उन्हात उभा होता हे आईकडून ऐकून मला कसंतरीच झालं.

आईनं गुरुवारची प्रार्थना बंद केली आहे. दारावर कागद लावलाय, तब्येत ठीक नाही म्हणून. वर्षालीवहिनी मला जिन्यात अडवून विचारतात. तब्येत ठणठणीत आहे. ती नवनाथच्या दुकानात जाते तेव्हाही लोक आपल्याबद्दल काय बोलतात म्हणून कान टवकारून असते.

तुम्ही जे लिहिलं नाहीत ते मी लिहितो, कारण तुम्हालाही ते दिसलं असणार. तीन वर्षं प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली, जशी आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी आम्हाला कर ही, की आई खोकते. दर वेळी. सगळ्यांना वाटतं तिला घशाचा त्रास आहे, चिमाजीकाका तर खडीसाखर आणून देतात. मी तिला काही बोललेलो नाही. तुम्ही बोला, नाहीतर नका बोलू, मला कळत नाही.

मोठ्या मामींना आणि सगळ्यांना सलाम. चुकलं असेल तर अक्षरावर ढकला.
आपला
प्रितम


काळेवाडी,
शुक्रवार, ११ एप्रिल २०२५

तीर्थरूप सोनबादादास,
कस्तुराचा सा. सलाम, वि. वि.

दीड महिना माझं पत्र नाही म्हणून तू काय काय धरून बसला असशील. मी जिवंत आहे आणि तुझ्यावर रागावलेली आहे. जेवून रागावले आहे, काळजी नको.

प्रितमनं तुला काय लिहिलं ते मला माहीत आहे. पाकीट चिकटवायला एका हातानं जमेना म्हणून माझ्याकडेच दिलं, आणि मी वाचलं. खोकल्याचं वाचून मला तो पोरगा खोटारडा वाटला. मग आरशासमोर उभी राहून ती प्रार्थना म्हणून बघितली, तर त्या ओळीला खोकला आला. दादा, खरंच आला! माझाच घसा मला तीन वर्षं फसवत होता, आणि मी दुसऱ्यांची घोडी कुठं पेंड खातात ते सांगत फिरत होते.

गेल्या शनिवारी मी आळंदीला गेले. बसमध्ये सगळं भाषण तयार केलं होतं, निम्मं शिव्यांचं, निम्मं शास्त्राचं. खानावळ शोधायला वेळ लागला नाही. मागच्या पडवीत तो परातीवर वाकून कणीक मळत होता, कोपरापर्यंत पिठात. मला बघितलं आणि उभा राहिला. माझं भाषण कुठल्या कुठे गेलं. मी एवढंच म्हटलं की येत्या गुरुवारी चारऐवजी पाच वाजता प्रार्थना आहे, आणि प्रितम घरी असणार आहे. तो म्हणाला, येतो. मग माझा संशयी स्वभाव, मी विचारलं की तुम्ही आमच्याकडे येता हे इथल्या लोकांना ठाऊक आहे का, की उद्या ते माझ्या दारात येतील? तर म्हणाला, मालकांना पहिल्या दिवसापासून सांगितलंय, तेच अर्ध्या दिवसाची सुट्टी देतात. मी उगीच पदर सारखा केला आणि परत बस धरली.

काल आला. प्रितमनं दार उघडलं आणि डावा हात पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. मग बसले आणि पुरुष बोलतात तसलं काहीतरी बोलायला लागले, तो अमका सुपरवायझर आहे का अजून, कँटीनचा आचारी बदलला का. एकदा तर दोघं हसले. ज्याचा हात गेला तो हसतो, आणि मी मात्र स्वयंपाकघरात कपाट धरून उभी. तुला खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला दोघांचाही राग आला.

पाचला सगळे जमले. महिन्यानं जमले म्हणून वर्षालीनं शिरा आणला होता. गीतं झाली. प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि ती ओळ जवळ यायला लागली तशी मी थांबले. खोकले नाही. खोकला आणायचाही प्रयत्न केला, तोही येईना. मग सगळ्यांना सांगून टाकलं. म्हटलं, मला ही ओळ म्हणता येत नाही. तीन वर्षं म्हटलेली नाही. माझ्या मुलाचा हात ज्याच्यामुळे गेला तो हा माणूस, दाराशी बसलाय, आणि मी त्याला माफ केलेलं नाही. मी तुम्हाला सगळ्यांना हात धरून वर आणलं, पण मी स्वतः खालीच उभी आहे, तेव्हा आज प्रार्थना दुसऱ्या कोणीतरी घ्या.

कोणी हलेना. वर्षाली शिऱ्याच्या पातेल्याकडे बघत बसली. चिमाजींनी खिशातली खडीसाखर काढली आणि परत ठेवली. प्रितम माझ्याकडे बघत होता.

मग दाराशी ज्ञानदेव बोलायला लागला. तो आपला नाही, कधी होईल असंही मला वाटत नाही, गळ्यात तुळशीची माळ आहे. प्रार्थना कशी सुरू करतात तेही त्याला धड येत नव्हतं. त्याच्या बोलीत, मोठ्यानं, समोर माणूस बसल्यासारखं त्यानं देवाला सांगितलं की या माउलीला लई जड झालंय, तीन वर्षं ती मला उचलून फिरतेय. मला सोडवलं नाहीस तरी चालेल, मी आपला बसंन दाराशी. पण हिला माझ्यापासून सोडव.

एवढंच. पुढे त्याला सुचेना, आणि प्रार्थना कशी संपवतात ते माहीत नव्हतं, म्हणून तो नुसता थांबून राहिला. सगळे वाट बघायला लागले, कारण आमेन म्हणायचं ते प्रार्थना घेणाऱ्या माणसानं, आणि इतकी वर्षं ते मीच म्हणत आलेय. अजून मला त्याचा पुरता भरवसा वाटत नाही, दादा, आणि माझा स्वतःचा तर त्याहून नाही. किती वेळ गेला ते प्रितमला विचार, तो म्हणतो खालून दोन बस गेल्या.

पण मी म्हटलं, आमेन.

तुझ्यावरचा राग अजून पुष्कळ आहे, तो घ्यायला उन्हाळ्यात इकडे ये.
तुझी
कस्तुरा